धुरपताबाईंचे टोंगरे

अंकासाठी लेख मागताना संपादकबाईंनी विषयही देऊन टाकला: साठीनंतर बायकांनी तंदुरुस्त कसं राहावं. "तुमचा एवढा अनुभव आहे, वाचून उत्साह वाटेल असं काही लिहा," असंही म्हणाल्या. उत्साह वाटेल असं मी पुष्कळ बोलून झालेलं आहे. शिबिरांत बोलले, बचतगटांच्या मेळाव्यांत बोलले, एकदा तर नवरात्रात मंडपात गरबा थांबवून बोलले. आता लिहायचंच आहे तर घडलं ते लिहिते. नावं बदलली आहेत. जिच्याबद्दल लिहिते ती आता या जगात नाही. ती असती तर हे लिहिलं नसतं, त्याचं कारण पुढे कळेलच.

मी फिजिओथेरपिस्ट. नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली, आणि निवृत्त झाल्यावर गोरेगावात बाजाराच्या रस्त्याला दोन खोल्या घेऊन बसले. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या भागात कोणाच्या जिभेवर बसला नाही. कोणी शेकवाली म्हणे, कोणी करंटवाली. गोंदियाहून येणारे मालिशवाली म्हणत, त्याचा मला राग यायचा. शेवटी 'वर्जिशवाली मॅडम' हे नाव टिकलं. त्यात निदान वर्जिश, म्हणजे व्यायाम, तरी होती.

लोकांना माझ्याकडून यंत्र हवं असायचं. वायर लावा, शेक द्या, मुंग्या आल्यासारखं वाटू द्या. त्यात दुखणं थोडं थांबतं, पण पाय मजबूत होत नाही. तो व्हायचा असेल तर ज्याचा त्यालाच हलवावा लागतो. हे सांगितलं की माणसाचा चेहरा पडतो, फसवल्यासारखा. गोंदियाचे एक व्यापारी आपल्या बायकोला गाडीतून घेऊन यायचे. मी तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं तर ते मध्ये पडले. "मॅडम, इनको ये सब करने की क्या ज़रूरत? घर में काम करने को बाई है." ती बिचारी उठता उठता परत बसली. पुढे तिचे दोन्ही गुडघे बदलले, असं कानावर आलं. नवे गुडघे घालूनही ती गाडीतूनच फिरत असणार.

पण ती शेठाणी. तिला कोणी काम सांगत नव्हतं, म्हणून तिचे पाय गेले. माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या बायकांचे पाय कामानेच गेलेले होते.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असं शिकलेली माणसंही विचारतात आणि त्या बायकाही विचारतात. आमच्याकडे धानाचं रोवणं म्हणजे चिखलात कमरेतून वाकून दिवसभर मागे मागे सरकत जायचं. कंबर ताणलेली, गुडघे ताठ, पाय चिखलात रुतलेले. एकच कळ सारखी दाबत राहिलं तर ती कळ झिजते, बाकीच्या गंजतात, तसं हे आहे. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा. तो वाळला की सगळा भार हाडावर येतो. जमिनीवरून उठणं, तोल सावरणं, पायरी चढणं, हे सगळं तो स्नायू करतो. आणि आमच्या बायकांच्या मांड्या पन्नाशीनंतर हातात धराव्यात इतक्या बारीक झालेल्या असतात. वर लुगडं असतं म्हणून दिसत नाही.

धुरपताबाईंना त्यांचा मुलगा दिलीप मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. गाव गोरेगावपासून फार लांब नाही. घरची धानाची शेती, आणि दिलीपचं गोरेगावातच पाइप, मोटारपंप, तारांचं दुकान. बाई साठी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. चेहरा कोरडा पडलेला, ओठांना भेगा. बोलत होता सगळं दिलीपच.

"आईचे टोंगरे दुखतात, मॅडम. बसली तर उठता येत नाही, उठली तर बसता येत नाही."

आमच्याकडे गुडघ्याला टोंगरा म्हणतात.

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि बाईंना विचारलं, "पाणी किती पिता दिवसाचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न टोंगऱ्याचा नव्हता. मग हळूच म्हणाल्या, "पेतच नाई जास्त. पेलं का जा लागते. संडास सांदवाडीत, मांगं. सुनेले हाक मारा लागते. ते बिचारी भाकरी टाकून येते. किती येळा मारू हाक?"

म्हणजे ही बाई उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती. जेवणही अर्धं करून टाकलं होतं. मुलगा सांगत होता, आईची भूक मेली आहे.

"तुम्हाला काय व्हायला हवं?" मी विचारलं.

"मले माह्या पायानं जाता आलं पायजे. दुसरं काई नाई."

चाळीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर मला फार कमी जणांनी दिलं असेल.

त्यांच्या घरी जाऊन मी बघून आले. खुर्ची प्लास्टिकची आणि बुटकी, म्हणून तिच्या पायांखाली विटा लावायला सांगितल्या. उंच खुर्चीवरून उठणं सोपं जातं. मग महिन्यागणिक विटा काढत जायच्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायला शिकवलं. भिंतीला हात लावून टाचा उचलायला शिकवलं. सगळ्यात शेवटी जमिनीवरून उठणं: आधी कुशीवर वळायचं, मग रांगतो तसं हातापायांवर यायचं, खुर्ची धरायची, एक पाऊल पुढे रोवायचं आणि मांडीला सांगायचं, चल.

धुरपताबाईंनी ते इतक्या जिद्दीने केलं की मला कधीकधी त्यांना थांबवावं लागे. सून सविता चुलीपाशी असायची. चाळिशीची असेल, उंच, हाडापेराने मजबूत, मान खाली घालून काम करणारी. ती सासूकडे बघायचीही नाही. एकदा मी तिला म्हटलं, "सविता, तूही ये ना. आत्तापासून केलंस तर पुढे हे दिवस येणार नाहीत."

"मले टाइम कुठं हाय, मॅडम? आई वर्जिश करतात तवा त्यायचं काम कोन करते?"

रागाने नाही म्हणाली. भाकरी उलटवत म्हणाली.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी धुरपताबाई जमिनीवरून स्वतः उठल्या. मी समोर हात पुढे करून उभी होते. त्यांनी माझा हात बाजूला केला. उठल्या आणि सरळ चालत सांदवाडीत गेल्या. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाने शिव्या चालल्या होत्या, कोणाला ते कळलं नाही. बहुतेक स्वतःच्या गेलेल्या दिवसांना. त्या दिवशी तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या.

त्यांच्यामुळे गावात वर्ग सुरू झाला. समाजमंदिराची खोली रिकामी असायची, ती सरपंचांनी दिली. अंगण झाडून झालं आणि शेतावर जायला अजून वेळ आहे, अशा मधल्या वेळात बायका यायच्या. लुगडी खोचून, चपला बाहेर काढून. सुरुवातीला सगळ्यांचं एकच: "आमी का रिकाम्या हाव वर्जिश कराले?" मग धुरपताबाई खुर्ची न धरता उठून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मंग तू उठून दाखव." त्या दुसरीला उठता यायचं नाही. त्यावर सगळ्या हसायच्या, आणि हसून झालं की करायला लागायच्या.

पानठेल्यावरच्या माणसांनी काय काय म्हटलं ते सांगत बसत नाही. "म्हाताऱ्या पोलिसात भरती होऊन राहिल्या का?" हे त्यातलं सभ्य वाक्य. बायकांनी ऐकून सोडून दिलं. ऐकून सोडून देण्याचा व्यायाम त्यांना लहानपणापासून होता.

एकदा तालुक्याला महिला आरोग्याचा मोठा कार्यक्रम झाला. आमच्या वर्गाला मुद्दाम बोलावलं. पाहुणे खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. एकामागून एक भाषणं. घर सांभाळून थोडा वेळ स्वतःसाठी काढा, असं प्रत्येकाने सांगितलं. कार्यक्रम संपला तेव्हा सतरंजीवरच्या निम्म्या बायकांना उठता येईना. पाहुणे चहाला गेले होते. मी आणि धुरपताबाईंनी एकेकीला हात देऊन उभं केलं. तो दिवस मला आनंदाचा म्हणून आठवतो. पुढचं कळलं असतं तर आणखी लक्ष देऊन आठवणीत ठेवला असता.

पुढच्या रोवण्याच्या हंगामात माणसं मिळेनात. तरणी मुलं तिरोड्याला कंपनीत लागलेली, बायका गटागटाने गुत्ता घेऊन, म्हणजे एकरावर ठरवून, मोठ्या शेतकऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, जाणाऱ्या. दिलीपच्या वावरात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून चालले होते आणि लावायला हात नव्हते. तेव्हा त्याची नजर आईकडे गेली.

धुरपताबाईंनी मला वर्गात सांगितलं. "दिलीप म्हनते, आई, तू आता बरी हायस, चार दिवस बांधीत ये. मी म्हटलं, येत नाई. हे पाय मी कमावले बाबू, तुया बापानं ठेवले नोते." सांगताना त्या हसत होत्या.

मी दुपारी दिलीपच्या दुकानात गेले. तो पाइप कापत होता. वाईट माणूस नव्हता. आईला दर आठवड्याला कामधंदा सोडून माझ्याकडे आणणारा मुलगा होता तो. असे फार नसतात.

"दिलीपभाऊ, त्यांना चिखलात उतरवू नका," मी म्हटलं. "सपाट जमिनीवर चालणं वेगळं आणि चिखलातून पाय उपसणं वेगळं. सांध्याची झीज गेलेली नाही. मांडीत बळ आलं म्हणून त्या उभ्या आहेत."

"मग बळ आलंच ना, मॅडम."

"ते रोवण्यासाठी नाही आलं."

त्याने करवत खाली ठेवली. "मॅडम, राग नका मानू. बाजूच्या काकीबाई आईच्याच वयाच्या हायेत, त्या जाऊन राहिल्या. लोक मले विचारतात, आई सकाळी समाजमंदिरात उठाबशा काढते आणि सून एकटी बांधीत मरते, हे कसं? मी काय सांगू? तुम्हीच तर म्हणता, हलत राहा, बसून राहू नका."

माझं वाक्य त्याने जसंच्या तसं माझ्या हातात दिलं. मी पुन्हा समजावलं, सांधा, स्नायू, झीज, सगळं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला दिसत होतं की त्याच्या डोक्यात पऱ्हे पिवळे पडत आहेत.

दिलीपच्या सांगण्याने धुरपताबाई गेल्या नाहीत. गेल्या त्या सवितासाठी. सविताला ताप आला होता, तशीच ती बांधीत जात होती. एका संध्याकाळी ती घरी येऊन ओट्यावर बसली आणि पायातला चिखल धुवायलाही उठेना. सासूला एवढंच म्हणाली, "आई, एकटीच्यानं होत नाई वो." दुसऱ्या दिवशी धुरपताबाई लुगडं खोचून तिच्यासोबत निघाल्या. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. "माह्यासाठी तिनं किती केलं, मॅडम. मी माह्ये पाय जपत बसू का?"

दोन-तीन दिवस त्यांनी बसून पऱ्हे उपटून दिले. मग पेंढ्या डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून पोचवू लागल्या. धुरा म्हणजे दोन बांधींमधला मातीचा बांध. पावसात तो साबणासारखा होतो. पाय घसरला आणि त्या खाली कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला नेऊन ऑपरेशन केलं, आत रॉड घातला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिलीप भिंतीला डोकं लावून रडत होता. माझ्याकडे बघेना.

वर्ग त्या हंगामात बंद पडला तो कायमचा. रोवणं संपल्यावर बायका येतील म्हणून मी वाट पाहिली. पण धुरपताबाईंचं पाहून घराघरांत दोन मतं झाली होती. काहींचं म्हणणं, वर्जिशीने हाडं ठिसूळ झाली. काहींचं म्हणणं, एवढी वर्जिश करून शेवटी पडलीच ना. धान निघाल्यावर समाजमंदिरात पोती रचली गेली, आणि पुढे ती जागा त्यासाठीच झाली.

मी धुरपताबाईंकडे जात राहिले. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लवकर उभं करावं लागतं, नाहीतर अंथरूण त्याला सोडत नाही. त्यांच्या मांडीत आधी कमावलेलं बळ होतं, त्यामुळे त्या चांगल्या सुधारतील अशी माझी खात्री होती. वॉकर धरून पहिली पावलं टाकलीही त्यांनी. आणि मग अडकल्या. खाटेवरून पाय खाली सोडायला सांगितलं की कण्हायच्या. उभं करायला गेलं की अंग टाकून द्यायच्या. मी टाके पाहिले, दिलीपला पुन्हा फोटो काढून आणायला लावला. हाड छान जुळत होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनाही कारण सापडेना. मी दर खेपेला हरून घरी जात होते.

हिवाळ्यात धानाची कापणी सुरू झाली तेव्हा एकदा मी माझा ठरलेला दिवस सोडून मधेच गेले. गोंदियाहून येताना वाटेत त्यांचं गाव लागलं म्हणून. दुपारची वेळ, घरात चिटपाखरू नाही, दार नुसतं लोटलेलं. खाट रिकामी. मी घाबरून मागच्या दाराने सांदवाडीत गेले.

धुरपताबाई जांबाच्या झाडाखाली उभ्या होत्या. जांब म्हणजे पेरू. डावा हात कमरेवर, उजवा वर फांदीकडे, टाचा उचललेल्या, दोन्ही पायांवर सारखा भार, कशालाही न धरता. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना दाखवावं असं उभं राहणं. त्यांनी जांब तोडला, टाचा सावकाश खाली टेकवल्या, वळल्या, आणि मला पाहिलं.

आनंद झाला होता, आणि त्याच क्षणी सगळं समजलंही होतं.

"कोनाले सांगू नका, मॅडम," त्या म्हणाल्या.

"का? काऊन?"

"उभी दिसली का बांधीत नेतीन. आता कापनी हाय, मंग चुरना, मंग उन्हारी धान, मंग पुन्हा रोवना. निजून हाव तर कोनी काई म्हनत नाई. दिलीप सांजेले डोक्याले हात लावून जाते. पडल्यापासून मले कोनी कामच नाई सांगतलं." त्यांनी जांब पदराला पुसला. "लगीन झाल्यापासून पयल्यांदा."

"आणि हे? हे कधी करता?"

"सगळे गेले का. तुमी शिकवलं ते सारं करतो. भिताडाले धरून, मंग सोडून. गाडीचा आवाज आला का निजतो."

त्यांनी मला तो जांब दिला. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो. त्या बसल्या आणि सहज उठल्याही, मला दाखवण्यासाठी, थोड्या तोऱ्यात. मग आत गेल्या, खाटेवर पडल्या, गोधडी छातीपर्यंत ओढली आणि चेहरा आजाऱ्यासारखा केला. माझ्या देखत. इतका सफाईदार की मलाच हसू आलं आणि लगेच गेलं.

माझ्या धंद्यात रोगी बरा न होता बरा झालो म्हणतो, ते रोजचं आहे. बरा होऊन नाही म्हणणारी ही पहिलीच. आणि तिचं ऐकून मीही तेच केलं. दिलीपने दुकानातून हाक मारून विचारलं, "आईत काही फरक, मॅडम?" मी म्हटलं, "वय झालं आहे. फार आशा धरू नका." त्याचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं, आणि तरी मी वाक्य बदललं नाही. हे तो वाचणार असेल तर वाचो.

सविताला पाहून मात्र मला राहवेना. सासूचं लघवी-संडासचं भांडं तीच उचलत होती, अंग तीच पुसत होती, आणि कापणीही तीच करत होती. एकदा ती मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा मी चाचरत म्हटलं, "सविता, तुझ्यावर फार पडतं गं."

"मले ठाऊक हाय, मॅडम."

"काय ठाऊक आहे?"

"आई चालतात ते. दिवसा भांडं कोरडं राहते. मी का आंधरी हाव?"

"मग बोलली का नाहीस?"

ती फाटकाची कडी चाळवत राहिली. "बोलून का होईन? त्यायले बांधीत नेतीन. त्या पुन्हा पडतीन. मंग मलेच उचला लागन." आणि कडी उघडून देत म्हणाली, "एक तरी बाई निजली हाय या घरात. निजू द्या."

ही गोष्ट इथे थांबली असती तर मी तिला बऱ्यापैकी सुखाची म्हटलं असतं. पण स्नायूला नाटक कळत नाही. तो जितका हलतो तितकाच उरतो. कापणी संपली, माणसं घरी राहू लागली. चुरणं, म्हणजे मळणी, झालं, धान भरून झालं, दिलीपने दुकानात माणूस ठेवला आणि तो स्वतः दुपारी घरी यायला लागला, आईजवळ बसायला. त्याचं आईवर प्रेम होतं. त्याच्या प्रेमामुळे धुरपताबाईंना उठायला रिकामं घर मिळेना. चुकूनमाकून मिळालं तर घाईघाईत चार पावलं. मी जायची तेव्हा गोधडीखालून मांडी दाबून बघायची. दर खेपेला बोटांना थोडं कमी लागायचं.

मी एकदा कुजबुजले, "दिलीपला सांगून टाकू या. मी त्याला शपथ घालीन, शेतात न्यायचं नाही म्हणून."

"शपथ हंगामापर्यंत टिकते, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी तरीही सांगायला हवं होतं, असं मला वाटतं आणि नाही असंही वाटतं. अजून ठरलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोवण्याला सगळे बाहेर गेले. मी मुद्दाम त्याच दिवसांत गेले. घर रिकामं होतं. धुरपताबाई खाटेवरच होत्या. मला बघून त्यांनी गोधडी बाजूला केली, कुशीवर वळल्या, पाय खाली सोडले, खाटेच्या कडेवर हात रोवले आणि जोर लावला. काही झालं नाही. मी काखेत हात घालून उभं केलं तर गुडघे दुमडले. आम्ही दोघी परत खाटेवर बसलो.

"आता खरंच नाई उठवत, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. इतकं निर्मळ हसू की मला बघवेना.

त्यानंतर त्या वर्षभर होत्या. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साठला. पडून राहिलेल्या माणसाचं जसं होतं तसं सगळं झालं. दिलीपने औषधपाण्यात कसूर केली नाही. तेराव्याला गावजेवण मोठं घातलं. पंगतीत लोक म्हणत होते, मुलाने आईला तळहातावर ठेवलं, एक काम सांगितलं नाही.

मी स्वतः सत्तरीकडे निघाले आहे. रोज सकाळी व्यायाम करते, तळ्याच्या पाळीवरून चालते, जमिनीवरून हात न टेकता उठते. लोक कौतुक करतात. मला धान लावायचं नाही, पेन्शन आहे, आणि माझ्या पायांवर कोणाची नजर नाही. तंदुरुस्तीला एवढं सगळं लागतं, हे मी कोणत्याच भाषणात सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी सविता माझ्या खोलीत आली. एकटीच, एसटीने. केस पांढरे होऊ लागलेले. बाकावर बसताना तिने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, आणि ती तोंडाने काही बोलायच्या आधी मला कळलं.

"टोंगरे धरले, मॅडम. मलम असन तर द्या."

मी तिची मांडी पाहिली. अजून वेळ गेलेली नव्हती. तिला सांगितलं, सगळं अगदी सुरुवातीपासून सांगितलं. दिवसातून थोडाच वेळ लागेल, घरी शिकवायला मी येईन, दिलीपशी मी बोलेन, वर्षभरात तुझं दुखणं निम्म्याने कमी होईल. खूप दिवसांनी मी इतक्या कळवळून कोणाला सांगत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी उचलली.

"नको, मॅडम. सांजेले टोंगरे दुखतात म्हनून तर घडीभर बसा मिळते. नाई दुखले तर कोन बसू देईन?"

मलम तिने घेतलं. बाहेर बाजार भरला होता. दाराच्या पायऱ्या ती एकेक करून उतरली, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, आणि गर्दीत शिरून भाजीचा भाव विचारू लागली.